तू हो पुढे

मिल्टन,
६ ऑक्टोबर

चि. जयदीप यास,
सुनेत्राताईचे आशीर्वाद.

ते वरच लिहून टाकले, कारण पत्र संपेपर्यंत द्यायची इच्छा उरेल की नाही सांगता येत नाही. आम्ही बरे आहोत. शैलेंद्रचा गुडघा ठीक, राजसची नवी नोकरी ठीक. मागच्या अंगणातल्या मॅपलनं पानं टाकायला सुरुवात केली आहे आणि ती गोळा कोणी करायची यावर आमच्याकडे रोज बैठक होते. कृतिकाला आणि अबोलीला माझी आठवण सांग. खुशाली संपली.

आता भांडण.

इटलीहून येऊन तीन आठवडे झाले. मी गप्प होते. पण आज सकाळी शेजारची शोभा आली, चहा घेता घेता तिनं माझ्या मोबाइलवर तुझा तो फोटो उघडला. डोंगरमाथ्यावर सायकल डोक्यावर उचलून धरलेला. मला म्हणाली, "भाऊ काय घाट चढलाय गं. तू पण गेली होतीस ना बरोबर? तू कुठेयस यात?" मी कुठे होते ते तिला सांगितलं नाही. तुला सांगते, कारण तूही कधी विचारलं नाहीस.

ही ट्रिप तुझी कल्पना. साठीच्या पुढे बायका देवदर्शनाला जातात, तू मला सायकलवर बसवून अंब्रियाच्या डोंगरात नेलंस. मी कुरकुर केली नाही. अख्खा उन्हाळा रॅटलस्नेक पॉइंटचा चढ चढून सराव केला. ती गादी शिवलेली चड्डी घालून इथल्या मराठी मंडळाच्या अर्ध्या लोकांसमोरून गेले. शैलेंद्र अजून त्या चड्डीवरून मला छळतो. आणि मला ट्रिप आवडली, हेही लिहून ठेवते, म्हणजे मी सगळ्याच गोष्टींना नावं ठेवते असं तुला म्हणता येणार नाही. स्पेल्लोच्या त्या गल्ल्या, खिडकीखिडकीत लाल फुलं, बाहेर खुर्च्या टाकून बसलेले म्हातारे, आपल्याकडे बघून काहीतरी शेरा मारणारे. गावं मात्र सगळी टेकडीच्या टोकावर. आपली गाइड जुलिया म्हणाली, शत्रूच्या भीतीनं वर बांधली, म्हणजे तो चढून येईपर्यंत दमेल. शत्रूचं मला माहीत नाही, मी दमले.

तरी प्रत्येक गावात पोचले. ट्रेव्हीला तर तुझ्या आधी पोचले, ते तू घरी कोणाला सांगितलं नाहीस.

मग नॉर्चा ते कास्तेल्लुच्चोचा दिवस. लांबलचक घाट, सावली नाही, एक वळण संपलं की दुसरं. टूरमधले बाकीचे सहाजण बॅटरीच्या सायकलींवर सुळकन निघून गेले. आपण दोघंच साध्या सायकलीवाले, कारण तू म्हणाला होतास की आपण नाशिकची माणसं, आपल्याला बॅटरी कशाला. पाचेक किलोमीटरनंतर मला धाप लागली. मी थांबले. तू थांबलास. मी म्हटलं, "तू हो पुढे."

आणि तू गेलास.

जयदीप, तू गेलास. "शुअर?" इतकंच विचारलंस, मी मान हलवली, आणि तू गिअर बदलून वळणाआड दिसेनासा झालास. मी तिथे उभी राहिले. मला वाटलं, आता वळणापलीकडे थांबला असेल. वळणापर्यंत सायकल ढकलत गेले. तिथे तू नव्हतास. पुढच्या वळणालाही नव्हतास.

अरे, कोणत्या घरात वाढलास तू? आई जिलबी घेऊन पंगतीत यायची तेव्हा पानावर हात आडवा धरून "नको" म्हणायचं असतं, पण बोटं फाकवून, म्हणजे मधून जिलबी पानात पडते. आपल्या घरात पहिल्या "नको"ला कोणी उत्तर मानलं नाही. दुसऱ्यालाही नाही. आईनं एखाद्या पाहुण्याला एकदाच विचारून जाऊ दिलं असतं तर बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नसते. "तू हो पुढे" म्हणजे "थांब". हे मी साठी उलटल्यावर तुला समजावून सांगायचं?

आणि सायकलचा कायदा तर तुझ्यासाठीच केला होता. बाबांची एकच सायकल, मी चालवायची, तू मागे. पांडवलेण्याकडचा चढ आला की मागचा उतरतो आणि ढकलतो. तू उतरायचास, इवल्या हातांनी कॅरिअर धरून ढकलायचास, आणि मी म्हणायचे, "राहू दे रे, तू ये सावकाश." तेव्हा तू कधी सावकाश आला नाहीस. कॅरिअर सोडलंच नाहीस.

संध्याकाळी मी बोलले तर तू काय म्हणालास आठवतं? "ताई, आय रिस्पेक्टेड युअर डिसिजन." इतका राग मला आयुष्यात थोड्या वेळा आला असेल. तिकडे ओटावाशेजारी, कनाटाच्या ऑफिसात तुम्हाला शिकवतात ना, समोरच्यानं नको म्हटलं की नको. तिथे असू दे, बरोबरच आहे ते. पण बहिणीला ऑफिसचा नियम लावतोस? जुलियानंही तेच केलं. सामानाची व्हॅन घेऊन आली, काच खाली करून विचारलं, "लिफ्ट हवी?" मी म्हटलं, "नो नो, आय अ‍ॅम फाइन." ती अंगठा दाखवून निघून गेली. पण ती परकी. तिला काय माहीत.

आता तुला जे माहीत नाही ते. वर एके ठिकाणी रस्त्याला लागून दगडी घर होतं, बाहेर पाण्याचा नळ. तुला ते दिसलंही नसेल, तू रिस्पेक्ट करत पुढे गेला होतास. मी तिथे कट्ट्यावर बसले. घरातून एक म्हातारी आली, काळा स्वेटर, पायात सपाता. काहीतरी बोलली, आत गेली आणि पाव घेऊन आली, वर तेल आणि चीज. मी मानेनं नको म्हटलं. ती पुन्हा बोलली, या वेळी जरा रागावून. मी हात आडवा धरला. तिनं माझा हात सरळ बाजूला केला, पाव त्यात ठेवला, बोटं मिटवली आणि मी खाईपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. मराठीचा एक शब्द येत नव्हता तिला. तिला कळलं. मी त्या कट्ट्यावर बसून पाव खाल्ला आणि रडले. ती "मांजा, मांजा" म्हणत राहिली. खा, खा. तिला वाटलं, भुकेनं रडतेय.

वर पोचले तेव्हा तुम्ही सगळे कॉफी पिऊन बसला होतात. भूकंपात पडलेलं ते गाव, टेकू लावलेल्या भिंती, खाली केवढं तरी मोठं पठार, नुसतं पिवळं. ते बघायला आपण एवढ्या लांबून आलो आणि मी ते तुझ्या शेजारी उभं राहून बघितलं नाही. तुझा फोटो तोवर फॅमिली ग्रुपवर पडला होता. चाळीसजणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. फक्त अबोलीनं खाली लिहिलं होतं, "बाबा, व्हेअर इज आत्या?" शहाणी आहे पोरगी. तुझ्यावर गेली नाही.

तू मला विचारलंस, "काय गं, दमलीस?" मी म्हटलं, "छे." मग तू मसुराचं पाकीट पुढे केलंस, तिथला प्रसिद्ध मसूर म्हणून. तुझ्यासाठी घेतला म्हणालास. ते पाकीट अजून ओट्यावर तसंच आहे. रोज मी त्याच्याकडे बघते आणि चिडते.

शैलेंद्र म्हणतो, एका चढावरून माणूस तीन आठवडे चिडत नाही. त्यानं हे पत्र अर्धं वाचलं आणि मला परत दिलं. म्हणाला, खरं काय ते लिही, नाहीतर स्टॅम्प फुकट जाईल.

मी त्या दिवशी चढामुळे दमले नव्हते. ट्रेव्हीचा चढ काही कमी नव्हता. आदल्या संध्याकाळी नॉर्चात जेवताना तू म्हणालास की तू आणि कृतिका नाशिकला परत जायचं म्हणताय, कायमचं. कंपनीनं वेळेआधी निवृत्ती दिली, अबोली आपल्या पायावर उभी आहे, कनाटाचं घर विकायचं. आणि विचारलंस, "तुला काय वाटतं, ताई?"

मी म्हटलं, "छान की. जा ना. मला काय वाटायचंय." आणि वर तुझ्या ताटातला टोमॅटो उचलून खाल्ला, म्हणजे मी किती निवांत आहे ते दिसावं.

मला काय वाटायचंय. ऐक. आई-बाबा गेले, नाशिकचं घर गेलं, तेव्हा मी फारशी रडले नाही. सगळ्यांना वाटलं मी खंबीर. मी खंबीर वगैरे काही नव्हते, माझं माहेर कनाटाला हललं होतं, एवढंच. बाकीच्या बायकांना माहेरी जायला विमान लागतं, मला पाच तासांचा रस्ता. दर भाऊबीजेला तुझ्या बेसमेंटमधली ती खोली, आईची गोधडी, बर्फानं अर्धी बुजलेली खिडकी आणि वरून तुझ्या पावलांचा धप्प धप्प आवाज. राजसचा अपघात झाला तेव्हा मी आधी तुला फोन केला, शैलेंद्रला नंतर. या देशात मला "सुने" म्हणून हाक मारणारा दुसरा कोणी नाही. चिडवायला का होईना.

काल रविवारी तुझा फोन आला. घर लिस्ट केलं, ऑफर आली, शुक्रवारी सही करायची आहे. म्हणालास, "करू ना सही? तुझं काय म्हणणं?" मी म्हटलं, "अरे वा." फोन ठेवला आणि तुझ्या घराचे फोटो इंटरनेटवर बघत बसले. माझ्या खोलीत आता कॉट नाही. गोधडी नाही. एका कोपऱ्यात प्लास्टिकची पांढरी फुलं आहेत आणि खाली लिहिलंय, फिनिश्ड बेसमेंट, पाहुण्यांसाठी उत्तम. पाहुण्यांसाठी. गोधडी कुठे ठेवलीस? डोनेट केली असशील तर माझ्याशी बोलू नकोस.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून भाजी चिरायला गेले. चिरता चिरता एक गोष्ट लक्षात आली, आणि ती लिहायची माझ्या जिवावर आली आहे.

नॉर्चात जेवताना तू एकदा विचारलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी, सायकलींत हवा भरताना, पंप हातात तसाच धरून पुन्हा विचारलंस, "नक्की ना ताई? जाऊ ना?" मी हेल्मेटचा पट्टा लावत बसले आणि म्हटलं, "किती वेळा विचारशील?" आणि काल फोनवर तिसऱ्यांदा.

तीनदा, जयदीप. निघायचं ठरलेला माणूस तीनदा विचारत नाही. तू पानावर हात धरला होतास, बोटं फाकवून, आणि मी, जी तुला आईच्या पंगतीचे धडे देतेय, ती जिलबी घेऊन सरळ पुढच्या पानावर गेले. आता माझाच मला इतका राग आलाय की तुझ्यावरचा थोडा कमी पडतोय. पूर्ण गेला असं समजू नकोस. वळणापाशी तू थांबायला हवं होतंस.

कदाचित मी चुकत असेन. कदाचित तुला खरंच जायचं असेल आणि तू नुसता काळजीनं विचारत असशील. ते मला माहीत नाही, कारण मी विचारलं नाही. पण आग्रह करणाऱ्यानं त्याची चिंता करायची नसते.

म्हणून ऐक. जाऊ नकोस.

दुसऱ्यांदा सांगते. जाऊ नकोस. घर मोठं होतं तर लहान घे. कनाटाची थंडी सोसत नसेल तर मिल्टनला ये, इथेही थंडी आहे पण मी आहे. नाशिकला हिवाळाभर जाऊन राहा, मी सोडायला येईन, आणायलाही येईन. पण कायमचा जाऊ नकोस.

तिसऱ्यांदा लिहिणार नाही. तिसऱ्यांदा विचारायचं नसतं, पानात वाढायचं असतं. हे पत्र एक्स्प्रेसनं टाकतेय, बुधवारी मिळेल. गुरुवारी दुपारच्या गाडीनं ओटावाला येतेय. स्टेशनवर ये. शैलेंद्र सोबत येऊ का म्हणाला, मी नको म्हटलं, आणि तो खरंच येत नाहीये. या वेळी मला खरंच नको होतं. मसुराचं पाकीट बरोबर आणतेय. तुझ्या ओट्यावर उसळ करीन, कृतिकाला ओलं खोबरं आणून ठेवायला सांग. तू समोर बसून जेवायचंस, आणि नको म्हणून बघ.

जेवून झाल्यावरही जायचं म्हणालास, तर मी ऐकीन. शुक्रवारी तुझ्या शेजारी बसून सही करताना बघीन आणि गोधडी घेऊन परत येईन. पण "तू हो पुढे" हे माझ्या तोंडून पुन्हा येणार नाही.

त्याच वळणावर तुझी वाट बघणारी,
ताई