मागचे शॅकल : एका दुपारचं काम

४ जानेवारी, रविवार
आजपासून मी सुधारलो.
कारण : हिलालकाकांच्या बैठकीत मला अजून कॉफी ओतू देत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एकदाच त्यात मीठ टाकलं होतं. एकदाच! वीस वर्षांचा घोडा झालो, पण माझ्या हातात कोणी काही सोपवत नाही. शेळीसुद्धा नाही.
पण आता चान्स आलाय. १६ तारखेला उंटांची दौड. काकांची उंटीण सराब पळणार. जो तिला गाडीत घालून नेणार, तोच तिची दोरी धरून सगळ्या बिदिया गावासमोरून चालत जाणार. मी हात वर केला. बैठक हसली. काका नाही हसले. उठले, माझी पिकअप मागून धरून हलवली. ती हलली. मग बराच वेळ हलतच राहिली.
काका म्हणाले, खमीस, तुझी गाडी गाभण उंटिणीसारखी झुलते, शॅकल गेलेत. (स्प्रिंगच्या पाट्याचं मागचं टोक ज्या कडीत टांगलेलं असतं, ते शॅकल.) १५ तारखेपर्यंत झुलणं थांबलं तर सराब तुझ्या गाडीत. नाहीतर मुहन्नाच्या.
मुहन्ना म्हणजे काकांचा मुलगा. जन्मल्यापासून शहाणा.
एका दुपारचं काम आहे. मी स्वतः करणार. व्हिडिओ पाहिला. अर्धा. नेट संपलं, पण पुढचं काय असणार ते कळलं.

५ जानेवारी
आई म्हणाली, शेर जमानकडे ने.
शेर जमान आमच्या इथला पठाण मेकॅनिक. हात चांगला आहे, स्वभाव नाही. गेल्या महिन्यात मी रस्त्याच्या वळणावर पाटी लावली होती, 'उस्ताद पेशावरला गेले, लग्न करून येतील.' तीन दिवस त्याच्याकडे कुत्रं फिरकलं नाही, आणि चौथ्या दिवशी लोक मिठाई मागायला आले. तेव्हापासून म्हणतो, चहाच्या टपरीसमोर सगळ्यांदेखत माफी माग, मगच तुझ्या गाडीला हात लावीन.
मी माफी मागत नाही. तत्त्व आहे.
संध्याकाळी बाजारात गेलो. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक कंपनीच्या मापाचे, दुसरे दोन इंच लांब. लांब लावले की गाडी मागून उंच होते. त्याने विचारलं, गाडीत काय नेतोस? म्हणालो, उंट. त्याने छोटे पुढे सरकवले. मी मागे सरकवले. लांब घेतले. मुहन्नाची गाडी माझ्यापेक्षा उंच आहे, हे मला चार वर्षं सलतंय.

६ जानेवारी
दुपारी ३.०० : कामाला सुरुवात.
३.१० : जॅक वाळूत गेला. गाडी जागेवर.
३.३० : जॅकखाली फळी घातली. आता बरं.
३.४० : फळी आईच्या विणायच्या मागाची होती.
३.४१ : होती.
आईने तुकडे मोजून चुलीजवळ ठेवले. हे चांगलं लक्षण नाही. नंतर फक्त विचारलं, चाकाला मागेपुढे दगड लावलेस का? म्हणालो, लावणारच होतो. गाडी तेवढ्यात शेळ्यांच्या गोठ्याकडे निघाली होती.

७ जानेवारी
बोल्ट गंजलाय. रॉकेल ओतलं. पाना लावला. पाना सटकला. परत लावला. परत सटकला. हातोडा मारला. बोल्टचं डोकं गोल झालं. नटही गोल. माझ्या अंगठ्याचं काही विचारू नये.

८ जानेवारी
आज मुद्दाम काम केलं नाही. रॉकेल मुरायला वेळ द्यावा लागतो.

९ जानेवारी, शुक्रवार
नमाजनंतर सगळे नातेवाईक गाडीभोवती. मी खाली, ते वर. मला नुसते पाय दिसत होते, पण कोणते पाय काय बोलतायत ते बरोबर कळत होतं. एक म्हणे तापव. एक म्हणे थंड पाणी मार. थोरले मामा म्हणाले, विकून टाक. मुहन्नाने खाली वाकून सलाम केला आणि फार प्रेमाने विचारलं, भाऊ, जेवण तिथेच पाठवू का?
शेवटी सुताराचं ग्राइंडर आणून बोल्ट कापले. ठिणग्यांनी अंगातल्या लांब झग्याला, दिशदाशाला, अकरा भोकं. आता हवा खेळती राहील.

१० जानेवारी
झालं!! नवे शॅकल बसले, बोल्टभोवतीच्या रबरी बुशसकट!
गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळत होती, तेव्हाच सगळे बोल्ट अंगातली सगळी ताकद लावून आवळले. पुन्हा म्हणून सुटायचे नाहीत. आई म्हणाली, खाली उतरवून आवळ. म्हणालो, आई, तू भात बघ.
गाडी मागून काय दिसते! पाठमोरी उभी केली आणि अर्धा तास नुसता बघत बसलो.

११ जानेवारी
चालवून पाहिली. मागून कुईंकुईं आवाज येतो. नवं रबर, बोलणारच.
हेडलाइट रस्त्यावर पडण्याऐवजी बॉनेटच्या पुढ्यात पडतात. एका अर्थी चांगलंच, जवळचं स्पष्ट दिसतं.

१२ जानेवारी
ट्रायल.
सगळ्या गावात उंट चढवायला मातीचा एकच बांध आहे. गाडी मागे घेऊन त्याला लावायची, उंट बांधावरून सरळ गाडीत पाऊल टाकतो. बांध आपल्या आजोबांच्या वेळचा, सगळ्यांच्या गाडीच्या मापाचा.
माझी गाडी दोन बोटं वर.
सराबने ती दोन बोटं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग काकांकडे. काका म्हणाले, तिचं बरोबर आहे.
मी फावडं घेऊन दीड तास बांध वाढवला. शेवटी ती चढली, गुडघे मोडून बसली. मी गाडी सुरू केली. तळ पुढे उतरता, त्यामुळे ती बसल्या बसल्या हळूहळू पुढे सरकली आणि केबिनवरून मान काढून काचेतून आत बघायला लागली. वरचा ओठ वायपरवर. मी ब्रेक मारला. मागे काहीतरी फाटलं.
काका म्हणाले, ही गाडी उंटाला माणूस दाखवायला चांगली आहे.
बुशचं रबर फाटलं होतं. चारही. गाडी पहिल्यापेक्षा जास्त झुलते.
मुहन्नाने सराबला त्याच्या गाडीतून घरी नेलं. ती मागे वळूनही बघेना.

१३ जानेवारी
रबरच हलकं होतं. मापाचा आणि आवळण्याचा काही संबंध नाही.
दिवसभर झोपलो. जेवायला उठलो तर आई म्हणाली, हवेत आवळलेलं रबर वजन पडल्यावर पिळून फाटतं, तुला चालायला यायच्या आधी मी असेच दोन जोड फाडलेत.
हे आधी का नाही सांगितलं? म्हणाली, सांगितलं होतं. मी भात बघत होते.

१४ जानेवारी
सकाळी टपरीवर गेलो. माफी मागायला नाही, चर्चा करायला.
शेर जमान चहा पीत होता. म्हणालो, सदीक (म्हणजे दोस्त), त्या पाटीचं जे झालं ते झालं. तो म्हणाला, ऐकू येत नाही. मी मोठ्याने म्हणालो. तो म्हणाला, या कानाने कमी ऐकू येतं, त्या बाजूने ये. गेलो. चूक झाली, असं तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा टपरीवाल्याने स्टोव्ह बंद केला, सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून. बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, लग्नाचं तर राहिलंच. मग लग्नासाठी वेगळी माफी.
नंतर शेर जमान गाडीखाली गेला आणि तिथूनच हसायला लागला. पाय हलत होते. माझे लांब शॅकल काढून कंपनीच्या मापाचे लावले, नवे बुश घातले, बोल्ट नुसते हाताने फिरवले आणि गाडी चाकांवर उतरवली. मग म्हणाला, उंटाएवढं वजन पाहिजे. टपरीवरचे आठ जण चहासकट मागे चढून बसले. त्यांचा चहा संपेपर्यंत याने चारही बोल्ट आवळून दिले.
एका दुपारचं काम आहे, हे मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं.
संध्याकाळी थोडी खबरदारी घेतली. टूनाचा रिकामा डबा, त्यात दोन नट, तारेने मुहन्नाच्या गाडीखाली मागच्या बाजूला. उद्या काका दोन्ही गाड्या हलवून बघतील. त्याची वाजली की काम फत्ते. ही मस्करी नाही. हे नियोजन आहे.

१५ जानेवारी
काकांनी माझी गाडी हलवली. हललीच नाही! पुन्हा हलवली. खांदा लावून हलवली. नाही. सगळ्या बैठकीसमोर म्हणाले, खमीस, गाडी पास. आणि कॉफीची सुरई उचलून माझ्या हातात दिली. माझ्या! एक थेंब सांडला नाही.
इथेच दिवस संपला असता तर बरं झालं असतं.
पण काकांनी सहज, जाता जाता, मुहन्नाच्या गाडीलाही धक्का दिला.
खडखडखड.
मुहन्ना खाली शिरला आणि डबा घेऊन बाहेर आला. काकांनी त्यातले नट तळहातावर घेतले. दोन्ही गोल झालेले. अख्ख्या बिदियात असे नट फक्त माझ्याकडे आहेत, हे शुक्रवारी सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.
मी म्हणालो, कोणीतरी माझं नाव खराब करतंय.
काकांनी माझ्या हातातून सुरई काढून घेतली. अगदी हळू. ओरडले असते तर चाललं असतं.

१६ जानेवारी
सराब माझ्याच गाडीतून गेली. शब्द म्हणजे शब्द, काका म्हणाले. गाडी पास झाली होती.
चालवायला आई. तोंडावर बुरखा बांधला, सीट पुढे ओढली आणि वाळूतून अशी काढली की सराबने डोळे मिटून रवंथ केलं. मी मागे, तिची मान धरून. गाडी जरासुद्धा झुलली नाही. तसं पाहिलं तर चालवणं कोणालाही येतं, मान धरायला विश्वासाचा माणूस लागतो.
मैदानावर पोचलो. सराब उतरली. दोरी मुहन्नाने घेतली आणि सगळ्यांसमोरून चालत गेला. मी पण उतरायला निघालो, तर काकांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, तू वरच बस. तू खाली उतरलास की लोक आपापल्या गाड्यांखाली वाकून बघतात.
मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हणून नुसता एक पाय खाली टाकला.
तीन जण वाकले.