एक खाट, दोन भाडेकरू

८ जून १९९७, रविवार
योगिताचा बारावीचा रिझल्ट लागला. सायन्स, सदुसष्ट टक्के. गावातल्या एसटीडीवरून खानावळीशेजारच्या दुकानात फोन केला तिने. बहीण माझी आहे, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. मीही सातवीपर्यंत हुशारच होतो, नंतर मास्तर बदलले.
आखाजीच्या सणाला गावी गेलो होतो तेव्हा सगळ्यांसमोर बोललोय: बारावी होऊ दे, सुरतेच्या कॉलेजात मी टाकतो. ॲडमिशन माझ्याकडे, राहायची सोय माझ्याकडे. मामा हसले. म्हणे, यंदा कॉलेज नाही मिळालं तर पोरीचं वर्ष वाया जाईल, तेव्हा नीट बघ. मामांना सुरत काय माहीत! इथे माणसाला ओळख लागते. पाच वर्षं झाली मला.
सेठने दिवाळीला वाटलेली डायरी आजपासून वापरायला काढली. मोठ्या माणसांकडे असते.
ठराव : उद्यापासून तंबाखू बंद.

९ जून
योगिताला सांगितलं, ओरिजिनल मार्कशीट आणि दाखला रजिस्टरने पाठव. तिने विचारलं, झेरॉक्स चालणार नाही का? म्हटलं, झेरॉक्सवर सेटिंग होत नसते.
तंबाखू बंद करायचा दिवस सोमवार नसावा. कामाचा लोड असतो.

१३ जून, शुक्रवार
पाकीट आलं. अर्धी सुट्टी टाकून कॉलेजात. तीन नंबरच्या खिडकीने एक नंबरला पाठवलं, एक नंबरने तीनला. दोन्हीकडे आता मला चेहऱ्याने ओळखतात. फॉर्मला झेरॉक्स लावा म्हणाले, ओरिजिनल ॲडमिशनच्या दिवशी. म्हणजे योगिताचं बरोबर निघालं, पण योगायोगाने.
गेटजवळ खाकी कपड्यातला एक माणूस भेटला, रघुनाथ. आपल्याच भागातला, शिरपूरकडचा. त्याला लोचो खाऊ घातला, दोन प्लेट. तो म्हणाला, आपलं काम झालंच समजा. बाकी लोक रांगेत उभे होते, बिचारे.

१५ जून, रविवार
मुलींची होस्टेलं बघत फिरलो. महिन्याला साडेसहाशे, जेवण वेगळं, वर तीन महिन्यांचं डिपॉझिट. दुसरीकडे सातशे, तिथे पंखाही आहे. मला पगार चौदाशे. मी बाईंना विचारलं, इथे मुली शिकायला राहतात की सेठ लोक? बाईंनी दार लावून घेतलं. सुरतेत माणुसकी राहिली नाही.

१६ जून, सोमवार, दुपारी
आयडिया! जेवताना सुचली.
आपल्याकडचाच धुडकू लूम कारखान्यात. रात्रपाळी, आठ ते आठ. म्हणजे रात्रभर त्याची खाट रिकामी. उलट कॉलेजची पोरं दिवसा कॉलेजात, म्हणजे त्यांची खाट दिवसभर रिकामी. इतकी वर्षं सुरतेत एकाच्याही डोक्यात हे आलं नाही! एक खोली, चार खाटा. रात्री चार विद्यार्थी, दिवसा चार कारागीर. एका खाटेचं दोनदा भाडं. नफ्यातून योगिताचं पंख्यावालं होस्टेल.
खानावळवाल्या उषाबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, लखन, तुन्हं डोकं जागावर शे का? बाईंना बिझनेस कळत नाही. भाकरी मात्र चांगली करतात.

१८ जून
पांडेसऱ्यात ठाकोरभाईंची खोली बघितली. ठाकोरभाई दोन हजार डिपॉझिट मागतात. माझ्याकडे साडेचारशे. म्हटलं, बाकीच्यासाठी गॅरंटी देतो, आणि योगिताची मार्कशीट आणि दाखला टेबलावर ठेवला. सायन्सचे सदुसष्ट टक्के, सोन्यासारखा कागद. ते म्हणाले, मार्कशीटनुं हुं शुं करुं? मार्कशीटचं काय करणार म्हणे. पण ठेवून घेतलं. शेवटी माणूस माणूस ओळखतो.
डिपॉझिट भरलं की परत. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

२१ जून, शनिवार
बोर्ड लावला. ‘खानदेश विद्यार्थी निवास. व्यवस्थापक : लखन पाटील.’ पेंटरने ‘व्यवस्थापक’ बारीक काढलं, जागा नव्हती म्हणे.
खाटा फुल. दिवसाला धुडकू आणि त्याचे तिघे जोडीदार. रात्रीला नंदुरबारचा प्रमोद, डिप्लोमाच्या लिस्टची वाट बघतोय, आणि तसलेच तिघे. सगळ्यांकडून ॲडव्हान्स घेतला, पावत्या दिल्या. पावतीवर खाट नंबर टाकला. सिस्टीम पाहिजे. पैसे खाटा-गाद्यांतच संपले, डिपॉझिट पुढच्या महिन्यात.
जुन्या खोलीतली माझी जागा सोडली. इथे दाराजवळ चटईवर झोपतो. मॅनेजरला खाट लागत नाही.

२३ जून
प्रमोदने विचारलं, सकाळी साडेसातला बाहेर काढता, पण कॉलेजच सुरू नाही तर दिवसभर जायचं कुठे? लिस्ट लागलेली नाही. चौघं पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसतात, कारागीर उठायची वाट बघत. आता ज्याची ॲडमिशन झालेली नाही त्याने दिवसा कुठे असावं, हा प्रश्न कॉलेजचा आहे. मी काय काय बघू?
आज प्रमोद विसरलेलं पुस्तक न्यायला दहाला आला. धुडकूने झोपेतच चप्पल फेकली. पुस्तकाला लागली. विद्येचा अपमान. धुडकूला समज देणार होतो, पण तो उठला तेव्हा मी ड्युटीवर.

२५ जून
मेरिट लिस्ट. योगिताचं नाव नाही. मी घाबरलो नाही, बाकीचेच घाबरलेले दिसत होते. महाराष्ट्र बोर्डाची यादी वेगळी, तीस तारखेला लागणार. रघुनाथ म्हणाला, तुमचं नाव वरून फिक्स आहे. अजून दोन प्लेट.

२७ जून, शुक्रवार
योगिताचा फोन. तिने मला न सांगता अमळनेरच्या कॉलेजातही फॉर्म भरला होता. तिथे नाव लागलं. पाच जुलैपर्यंत ओरिजिनल घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. म्हणाली, दादा, मार्कशीट लगेच पाठव.
म्हटलं, घाई करू नको, सुरतेची सीट खिशात आहे. ती म्हणाली, मार्कशीट कुठंय? म्हटलं, सुरक्षित जागी. हे खोटं नाही. ठाकोरभाईंकडे लोखंडी कपाट आहे.
ठाकोरभाई दोनदा खोलीवर येऊन गेले, लखनभाई क्यां छे, कुठे आहे म्हणत. डिपॉझिटच मागणार, दुसरं काय! सध्या मी मागच्या गल्लीने जातो. जवळही पडतं. थोडा नाला आहे.

३० जून, सोमवार
दुसरी यादी. दोनदा वाचली, मग खालून वर वाचली. नाही.
रघुनाथ आज दिसला नाही. सायकल स्टँडवर दुसराच कोणी चिठ्ठ्या फाडत होता, तोही खाकीतच.
चूक कॉलेजची आहे. असो. प्लॅन बी अमळनेर, तो मी आधीपासून धरूनच होतो. उद्या ठाकोरभाईंशी बोलतो. तंबाखू उद्यापासून नक्की.

१ जुलै, मंगळवार
लूमवाल्यांची पाळी दर एक आणि सोळा तारखेला फिरते. रात्रीचे दिवसाला, दिवसाचे रात्रीला. हे मला माहीत होतं. कोणाला माहीत नाही? पण आमचं घडी खातं, कापडाच्या घड्या घालायचं, कायम दिवसाचं, त्यामुळे नेमकं तोंडावर आलं नाही.
संध्याकाळी साडेआठला धुडकू आणि तिघे कारखान्यातून आले, आंघोळ करून झोपायला. खाटांवर विद्यार्थी. धुडकू म्हणे, ऊठ, मनी खाट शे. प्रमोदने पावती काढली. धुडकूने पण काढली. दोन्ही पावत्यांवर एकच नंबर, दोन्हीवर माझी सही. सही छान आली होती.
मी सुचवलं, एका खाटेवर दोघं, डोकं-पाय उलटसुलट. तेव्हा दोन्ही पार्ट्यांची पहिल्यांदा एकी झाली.

२ जुलै
सगळे गेले. ॲडव्हान्स परत मागून. गाद्या घेऊन गेले पैशांऐवजी. बोर्ड तेवढा राहिला. खोलीत एकटाच, तरी खाटेवर झोपायला बरं वाटेना. चटईवरच झोपलो.

३ जुलै, गुरुवार
दुकानात योगिताचे तीन फोन येऊन गेले. मी ड्युटीवर होतो. तिसऱ्या वेळी ड्युटीवर नव्हतो.
आज ठाकोरभाईंकडे जाणारच होतो. दारापर्यंत गेलो. आतून हसण्याचा आवाज आला, पाहुणे असावेत. पाहुण्यांसमोर डिपॉझिटचा विषय बरा दिसत नाही. मग उषाबाईंनी विचारलं, पोरीचा कागद आणला का? म्हटलं, पाहुणे होते. त्यांनी भाजी परत वाढली नाही.

४ जुलै, शुक्रवार
सकाळी योगिता आणि मामा उधन्याला उतरून थेट खानावळीत. मी घडी खात्यात होतो, निरोप आला. पोचलो तर उषाबाई त्यांना घेऊन ठाकोरभाईंकडे निघालेल्या. मी मागे मागे. मनात हिशोब चालू, की उरलेल्या साडेपंधराशेला हप्ते कसे पाडून मागायचे.
योगिता म्हणाली, काका, माझी मार्कशीट तुमच्याकडे आहे, उद्या ॲडमिशन आहे. ठाकोरभाई म्हणाले, अरे बेटा, हा कागद परत द्यायलाच तर दोनदा खोलीवर गेलो, तुझा भाऊ भेटतच नाही. पोरीचं भविष्य मी कपाटात ठेवून काय करू?
त्यांच्या बायकोने देवघरातून पाकीट काढलं. सरस्वतीच्या फोटोमागे ठेवलं होतं. वर कुंकवाचं बोट. पाणी, चहा आणि मार्कशीट मिळून दहा मिनिटं.
खोली महिनाअखेर सोडा म्हणाले, तेही प्रेमाने. मी आजच सोडतो म्हटलं. मामांनी बोर्ड वाचला. ‘व्यवस्थापक’ वाचायला जवळ गेले. हसले नाहीत. आखाजीला हसले ते परवडलं होतं.
दुपारच्या गाडीला सोडायला गेलो. लोचो बांधून दिला. योगिता खिडकीतून म्हणाली, दादा, तू नुसतं मागितलं का नाहीस? माझ्याकडे उत्तर होतं. गाडी सुटली.

१५ जुलै, मंगळवार
अकरा दिवस खानावळीत, टेबलांच्या मध्ये. पहाटे चारला उषाबाई स्टो पेटवतात आणि मला ओलांडून जातात, पिठासकट.
उद्या धुडकूची पाळी फिरते, तो रात्रीचा. त्याच्या जुन्या खोलीतली खाट रात्री रिकामी. मी भाड्याने घेतली. त्याने ॲडव्हान्स घेतला, पावती दिली नाही. म्हणे, एक ऑगस्टले उठी जाजो, आठवण करावी लागाले नको. बरीच बिझनेस बुद्धी आली आहे त्याच्यात. कोणाकडून शिकला ते बोललो नाही.
योगिताचं पत्र आलं. पाच तारखेला दुपारी ॲडमिशन झाली, तिच्यामागे अजून एक जागा शिल्लक होती. कॉलेजच्या होस्टेलात राहते, खर्च मामा आणि शिष्यवृत्ती मिळून भागेल. फॉर्मवर पालक म्हणून माझं नाव लिहिलंय. धंदा : कापड घडी कामगार. मॅनेजर लिहिता आलं असतं, पण असो. शेवटी लिहिते, ‘दादा, इथे एका खाटेवर एकच मुलगी झोपते. फॉर्म भरायच्या आधी मी विचारून घेतलं.’
पत्र उशीखाली ठेवणार होतो. उशी उद्यापासून आहे.