एकेचाळीस दिवस चाललेलं यंत्र

नाशिक, सोमवार

ती. कुसुमवन्सं यांना वत्सलाचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मनमाडची थंडी त्यांना मानवत नाही, म्हणून आधी तेच विचारते. माझी तब्येत उत्तम. (डॉक्टर तसं म्हणत नाहीत. ते छातीत पेसमेकर बसवायचा म्हणतात.)

तुमच्या स्नेहलची कंपनी अशाच यंत्रांच्या आतला कारभार, म्हणजे प्रोग्राम, लिहिते. आधी कुठलं काम, मग कुठलं, ठोका नेमका कधी द्यायचा, ते सगळं त्यात ठरतं. ठोका बरोबर असला तरी उशिरा दिला तर चूकच, असं तिने मला समजावलं. वन्सं, ही तीच मुलगी, जिच्या साखरपुड्याला पाहुणे जेवून उठले तरी हिची वेणी व्हायची होती. मी घाबरले. वाचनालयातून हृदयावरचं पुस्तक आणलं, वाचून जास्तच घाबरले, आणि म्हटलं, मला तुझी कंपनी दाखव.

तिने अंबडला नेलं. तिथे एक ओळ बदलायची तर चौघांच्या सह्या लागतात, आणि स्नेहलला पगार मिळतो तो यंत्र बिघडवून बघण्याचा. (लहानपणी याच कामाचे तुम्ही धपाटे द्यायचात.) एका खोलीत टेबलावर एक यंत्र एकटंच टिकटिकत होतं. सगळे चहाला निघाले, मी शेवटची. खोलीतून निघताना दिवा, पंखा, बटण बंद करायचं, ही माझी जन्माची सवय. केलं बंद.

यंत्र असं किंचाळलं की मी भिंतीला चिकटले. एकेचाळीस दिवस सलग चाललेली चाचणी होती ती. स्नेहल कपाळाला हात लावून म्हणाली, "मामी, अगं दुश्मनानेसुद्धा हे केलं नसतं!" तिचे साहेब, चिंतामण म्हणून आहेत, ते मात्र वाकून बघत राहिले. यंत्र आतल्या बॅटरीवर चालूच होतं, एक ठोका चुकला नव्हता. "मावशी, वीज जाईल हे आमच्या यादीत होतं," म्हणाले, "पाहुणे घालवतील हे नव्हतं." आणि लिहून घेतलं.

सगळे हसले. मला हसू येईना. ते यंत्र निदान ओरडलं तरी. तुमचे भाऊ गेले तेव्हा मी शेजारच्याच खोलीत तांदूळ निवडत होते, आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. अजूनही निवडता निवडता हात थांबतो आणि मी कान देते.

असो. ऑपरेशनला मी तयार आहे. भीती अजिबात नाही. तुम्ही धावपळ मुळीच करू नये.

तुमची,
वत्सला

ता. क. ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी, सकाळी नऊला.

आणखी एक. सोबतीला राहणार म्हणून फॉर्मवर तुमचं नाव मी न विचारताच देऊन बसले आहे. स्नेहल असेल, पण तिला काय काय बिघडू शकतं ते सगळं पाठ आहे. मला यातलं काहीच न कळणारं माणूस हाताशी हवंय. गुरुवारीच या.