झलेहाचं पातेलं

बेडोक, सिंगापूर
२ एप्रिल १९८९

चि. झलेहा हीस, थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र वाचून आधी हसून घे. माझी लिहायची मलय भाषा रात्रीच्या वर्गात शिकलेली, तीही पंचवीस वर्षांपूर्वीची. तू चिनीत एक ओळ लिहून दाखव, मग माझ्या चुका काढ.

तुमची बेटावरची वस्ती वर्षअखेर रिकामी करायची आहे, ही बातमी मला मासळीबाजारात बोटवाल्याकडून कळावी? सख्ख्या बहिणीला शेवटी सांगायचं, ही तुझी जुनी खोड. नवऱ्याच्या दुखण्याचंही असंच लपवलं होतंस. कोंबड्या कुठे ठेवायच्या याचा विचार करत बसली असशील, स्वतः कुठे राहायचं याचा केला नसशील. म्हणून तो मी केला आहे.

माझ्या घरापासून दोन दारं सोडून फूआ मंडळी राहतात. ती आता मुलाकडे जाणार आणि घर विकणार. परवा मी सुपाचा वाडगा काठोकाठ भरला आणि माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत चालत गेले. एक थेंब सांडला नाही. फूआबाईने दार उघडलं, तिला वाटलं सूप तिच्यासाठीच आणलंय. द्यावंच लागलं! तेव्हा माझं एक जेवण तुझ्या नावावर खर्ची पडलं आहे हे लक्षात ठेव.

थट्टा सोडते. डाव्या डोळ्यापुढे आता कायमचं धुकं असतं. माझा बून कियात आणि सून उजाडायच्या आत कारखान्याच्या बसमध्ये बसतात, दिवेलागणीला परततात. दिवसभर माझ्याशी बोलायला फक्त रेडिओ. पोरं मिळवती झाली, घरात फ्रीज आला, टीव्ही आला, सगळं चांगलंच झालं. पण जुन्या वस्तीत, आपल्या कंपुंगात, खोकला आला तरी चार बायका कुंपणावरून डोकवायच्या, इथे मी पडले तरी कुणाला कळायचं नाही. तू जवळ असावीस असं फार वाटतं.

पुढच्या रविवारी आईचं, आमाचं थडगं साफ करायला जाणार आहोत. तुझे रोजे सुरू झालेले असतील, उन्हात येऊ नकोस. उदबत्ती माझी आणि गवत तुझं अशी आपली वाटणी असते, या वर्षी गवतही मीच उपटेन. तुझं पातेलं घासून ठेवलंय, हिरवी दोरी नवी बांधली आहे.

घराचं लवकर कळव. माया आहेच, ती उत्तर लिहून सिद्ध कर.

तुझी,
आची (बी हिआंग)

*

बेटावरून
१६ एप्रिल १९८९

ती. आची हीस, झलेहाचा सलाम.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. उपाशीपोटी सुपाचं वर्णन वाचायला लावलंस, याचं पाप तुला लागेल.

वस्तीचं सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं होईल असं वाटत होतं. तुला हे पटणार नाही. फणसाच्या झाडाला आता कुंपण घालायचं की नाही असल्या प्रश्नांत दिवस जातो. हमदान म्हणतो, आई, नळाचं पाणी आणि विजेचे दिवे मिळतील, किती दिवस कंदिलाच्या काचा पुसणार? त्याचं खरं आहे. त्याच्या चिपच्या कारखान्यातला पंखाही आमच्या मशिदीहून मोठा असेल. तरी रात्री लाटांचा आवाज नसेल तर मला झोप कशी लागेल, हे त्याला विचारून उपयोग नाही.

पण दोन दारं सोडून तू असशील तर लाटांची गरज नाही. तू घोरतेसही तशीच. हमदानला मी होकार सांगितला आहे. फूआबाईला सांग, भिंतींना खिळे कमी ठोक.

लिफ्टची मात्र भीती वाटते. ती म्हणे पाचव्या मजल्यावर थांबते आणि मग एकदम नवव्यावर. सातव्यावर राहणाऱ्यांनी काय पाप केलं होतं?

डोळ्याचं डॉक्टरला दाखव. सून रजा काढत नसेल तर मी येते. ईदला वाट पाहते, तुझ्यासाठी भाताचे केतुपात नारळाच्या पानांत जास्त विणून ठेवीन. दुवा असू दे, आणि रेडिओपेक्षा मी जास्त बोलते हे विसरू नकोस.

तुझी पाठची,
झलेहा

*

बेडोक
१३ मे १९८९

चि. झलेहा हीस आशीर्वाद.

वि. वि. ईदला आले तेव्हा हे तोंडावर सांगायचं होतं, पण घरभर पाहुणे, तुझा चेहरा हसरा, माझी जीभ रेटली नाही. म्हणून लिहिते.

फूआंचं घर तुला मिळत नाही. मार्चपासून नवा नियम आला आहे. प्रत्येक इमारतीत चिनी किती, मलय किती, तमिळ किती, याला मर्यादा ठरली. आमच्या इमारतीत मलय घरं पुरी झाली. फूआंनी आता मलय माणसाला घर विकायचं नाही. चिनी माणसाला मात्र जागा आहे.

मी घरांच्या कचेरीत गेले. खिडकीवरची पोरगी गोड होती, ओरडली वगैरे नाही. म्हणाली की आजी, सगळ्यांनी मिसळून राहावं, एकेका जातीचे वेगळे मोहल्ले होऊ नयेत म्हणूनच हा नियम आहे. मी म्हटलं, बाई गं, आम्ही जन्मभर मिसळूनच राहिलो, आता मिसळायचं म्हणून आम्हाला वेगळं करतेस? ती हसली, मग हसायची थांबली.

घरी येताना बसमध्ये मला युक्ती सुचली. अगं, तू चिनीच आहेस की! आमाच्या पोटी जन्मलीस, क्वेक घराण्याची चौथी मुलगी. आपल्या चिनी पंचांगात वाघाचं वर्ष होतं, वाघाच्या वर्षीची मुलगी घर खाते असं आजीने डोक्यात घेतलं, म्हणून तुला शेजारच्या मलय घरी दिलं. एवढीच तर गोष्ट. मी जिवंत साक्षीदार आहे, तुझं पहिलं नाव बी लुआन होतं हेही सांगेन. आपण दोघी त्या खिडकीपुढे उभ्या राहिलो तर नाकं बघूनच पोरगी मान्य करेल. ओळखपत्रावरची जात बदलून घेऊ. तू नमाज पढ, रोजे ठेव, कोण विचारतंय? फक्त घरापुरतं.

बुधवारी ये, सोबत जाऊ. कुंकवासारखा लाल ब्लाउज आहे ना तुझा, तो घाल, चिनी दिसशील.

युक्ती सुचल्यापासून हसत असलेली,
आची

*

बेटावरून
३० मे १९८९

ती. आची हीस सलाम.

वि. वि. बुधवारी मी आले नाही आणि कळवलंही नाही. राग उतरल्यावर लिहावं असं ठरवलं होतं. पुरता उतरलेला नाही, तरी लिहिते.

तुला ती एवढीच गोष्ट वाटली. मला आमाचा राग नाही. गरिबी होती, आजीचा हट्ट होता, आणि तिने मला टाकलं नाही, कुंपणापलीकडे दिलं. पण कुंपणापलीकडे जिने हात पुढे केले ती माक माझी आई. कंपुंगात कुणी पोरांनी मला चिनीण म्हणून चिडवलं, तर माक त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहायची. भांडायची नाही, नुसती उभी. घरातलं मोठं माणूस बाहेर येऊन चुकलं म्हणेपर्यंत हलायची नाही. चौसष्टच्या चिनी-मलय दंगलीत हीच माक तुमच्या दारात पायरीवर बसून राहिली, तेव्हा तू आत बून कियातला कुशीत घेऊन होतीस. आपण जन्मभर मिसळूनच राहिलो असं तू लिहितेस, पण त्या दिवसांत चिनी कोण, मलय कोण हे मोजायला लोक आले होते, आणि माकने मोजू दिलं नाही.

ती गेली तेव्हा शेवटची आंघोळ मी घातली. ते मुलीचं काम असतं. आता सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांसाठी खिडकीतल्या पोरीला सांगू की मी तिची मुलगी नव्हे? आणि फक्त घरापुरतं म्हणजे काय? माणूस घरापुरता एक आणि मरणापुरता दुसरा असतो का?

हमदानच्या जवळ, उत्तरेला वुडलँड्समध्ये घर मिळतंय. तिथे मलय घरांना जागा आहे. तेच घेते. तुझ्याकडे यायला दोन बसेस लागतील, तेव्हा येणं कमीच होईल. ते पातेलं आता कुणा गरजूला दे. जागा अडते.

डोळ्याची काळजी घे.

झलेहा

*

बेडोक
१० जून १९८९

चि. झलेहा,

पातेलं द्यायला खाली काढलं. दिलं नाही.

हे तिसरं पातेलं, तुला ठाऊक नसेल. पहिलं माझ्या लग्नातलं. सासूबाई कुरकुरायच्या की एका पाहुणीसाठी वेगळी भांडी, वेगळा डाव, हा कसला थाट? मी ऐकलं नाही. दुसऱ्यात सुनेने नवी असताना चुकून डुकराची चरबी वितळवली. तिला काही बोलले नाही, पातेलं मात्र भंगारवाल्याला दिलं आणि त्याच दुपारी नवं आणलं. तू कधी विचारलं नाहीस, यात काय शिजलं होतं म्हणून. दोरी हिरवी दिसली की बसून जेवायचीस.

इतकी वर्षं भांडं वेगळं ठेवताना तू कोण आहेस हे मला नीट कळत होतं. घर जवळ हवं झालं तेव्हाच विसरले. एकटेपणाने डोकं फिरतं म्हणतात, माझं फिरलं. माकच्या पायरीवरचं बसणं मी विसरले नव्हते गं. तिने त्या दिवशी पाणीसुद्धा आमच्याच घरचं मागून प्यायलं, शेजाऱ्यांना दिसावं म्हणून. चुकलं माझं. तुझ्या अंगणात उभी राहून सांगायला हवं, पण डॉक्टरने बोटीत बसायला मना केलं आहे. पुढच्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन.

एक बातमी नुसती कानावर घालते, आग्रह नाही. रस्त्यापलीकडच्या इमारतीत मलय घरांना अजून जागा आहे म्हणे. तिची स्वयंपाकघरं आमच्या स्वयंपाकघरांसमोर येतात. वुडलँड्स हमदानला जवळ, तेही योग्यच.

रागावलीस तरी माझीच आहेस.

आची

*

बेटावरून
४ जुलै १९८९

ती. आची हीस, झलेहाचा मनापासून सलाम.

वि. वि. ऑपरेशनच्या दिवशी मी इस्पितळात येऊन गेले. तू गुंगीत होतीस, सुनेला सांगू नकोस म्हटलं. तिने सांगितलं नसेल तर ती माझ्याहून बरी.

तिथून हमदान मला त्या रस्त्यापलीकडच्या इमारतीत घेऊन गेला. नुसतं बघू म्हणाला, पोरगं चलाख आहे. खालच्या मोकळ्या मजल्यावर कुणाचं तरी लग्न होतं, ढोल वाजत होते, आणि शेजारच्या खांबांना आदल्या चिनी मयताच्या मांडवाच्या दोऱ्या अजून लोंबत होत्या. मला बरं वाटलं. वर गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझी खिडकी दिसते. सुनेने कपडे खिडकीबाहेरच्या बांबूंवर लावले होते, बून कियातची पँट उलटी टांगलेली. आणि खिडकीच्या कठड्यावर एक पातेलं पालथं वाळत होतं. हिरवी दोरी वाऱ्याने हलत होती.

तू इस्पितळात, घरात कुणी नाही, माझं जेवण नाही, तरी ते घासून ठेवलेलं! नंतर सुनेला विचारलं तर म्हणाली की इस्पितळात जाताना आईंनी बजावलं होतं, रोज घासायचं, ती कधीही येईल. आची, मी त्या रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून रडले. हमदान घाबरून गेला, त्याला वाटलं मला घर आवडलं नाही.

घर घेतलं. डिसेंबरात येते. कोंबड्या बोटवाल्याला दिल्या, त्याने तुला बातम्या पुरवल्याचं ते बक्षीस. पण ऐक, दोन दारं सोडून आणि रस्ता ओलांडून यात फरक आहे. तुझं सूप न सांडता येणार नाही. म्हणून असं करू. मी घरी असेन आणि तुझ्याकडे जेवायला येणार असेन, त्या दिवशी बांबूवर तो लाल बाटिकचा सारोंग टांगीन. तेवढा तर तुला दिसेल ना?

दुवा मागते, डोळा बरा होवो.

तुझी पाठची, आणि आता समोरची,
झलेहा

*

बेडोक
१७ डिसेंबर १९८९

चि. झलेहा हीस, रस्त्याअलीकडून अनेक आशीर्वाद.

वि. वि. समोरच्या घरी तिकीट लावून पत्र पाठवणारी सबंध बेडोकमध्ये मीच असेन. काय करू? लिफ्ट बिघडली आहे, गुडघे तिच्याही आधी बिघडले, आणि हे तोंडाने सांगायला गेले तर तू मधेच बोलतेस.

डोळ्याचं खरं ते सांगते. डॉक्टर म्हणाले, डावा गेला. उजव्याला रंग दिसतात, चेहरे नाहीत, म्हणून हे मी सांगते आणि बून कियात लिहितो. तू खिडकीत उभी राहून हात हलवतेस असं सून सांगते. मला हात दिसत नाही. सारोंग दिसतो. तो दिसला की मी शेगडी पेटवते.

परवा तू वाडगा घेऊन आलीस. सात जिने उतरलीस, रस्ता ओलांडलास, पुन्हा सात चढलीस, आणि दारात पोचलीस तेव्हा निम्मं सूप सांडलं होतं. मला तुझा चेहरा दिसला नाही, पण तो पडला होता हे कळलं. तुला वाटलं असेल, फूआबाईच्या दारापर्यंत एक थेंब सांडला नव्हता, ते मला आठवलं.

आठवलं, हे खरं. पण ते सूप मी एकटीनेच चालत नेलं होतं गं, आणि दार उघडलं ते फूआबाईने, तू नाही.

सांडू दे. उरेल तेवढं आण. गरम करायला तुझंच पातेलं आहे.

तुझी,
आची