तुझ्या हसण्याचा राग

प्रिय अक्का,

काल तुझी तेरवी झाली. जेवणं उरकल्यावर तुझी भावजय यशोदा भांडी आवरता आवरता शेजारणीला म्हणाली, "अक्का देवमाणूस होत्या, पण माही सखू त्यायच्यापायी गेली." मी ओसरीवर सुपारी कातरत होतो. ऐकलं, आणि कातरत राहिलो. सव्वीस वर्षं मी हे असंच ऐकत आलो आहे. म्हणून आज सकाळी कागद घेऊन बसलो.

रडू येत नाही, ते आधीच सांगतो. तुला चालेल.

मेडशीहून तू माहेरी परत आलीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस, मी सतरा. नवरा गेला म्हणून सासरच्यांनी आणून सोडलेली. आईला वाटलं, आता ही देवघरात बसेल. तू बसलीस की! पण आरती झाली की लगेच उठायचीस.

"देवाजवळ जरा टेक ना वं," आई म्हणायची.

"देवच उठवते मले, आई. म्हणते, शेजारच्या म्हातारीचं पाणी भरून ये." आणि हसायचीस. ते हसणं घरात कुणालाच पटत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मानमोडीचा ताप आला. आई त्याआधीच गेली होती. घराघरात माणसं आडवी, चूल पेटवायला कुणी उभं नाही. तू मोठ्या गंजात ज्वारीची पेज शिजवून दारोदार द्यायला लागलीस. माझी सखू तेव्हा सहा महिन्यांची होती. मी म्हणालो, "घरात लेकरू हाय, अक्का. ताप घरात आणशीन."

"मंग मी घरात येतच नाही," म्हणालीस आणि घोंगडी उचलून गोठ्यात राहायला गेलीस. 'थांब' म्हणायला मला किती वेळ लागला असता? मी म्हटलं नाही.

पुढं तू गावाबाहेरच्या वस्तीतही पेज न्यायला लागलीस. पंच घरी आले. "बाईले आवर, नाही तं तुह्या घरचं पाणी बंद." मी तणतणत गोठ्याकडं आलो. तू चुलीतलं लाकूड मागं ओढत होतीस.

"लोकायची लाज नाही का तुले?"

"लोकं तापात हायेत, बापू. त्यायले भूक लागते."

"अन् हसतेस कायले?"

तू माझ्याकडं नीट बघितलंस. "देवाले हे आवडत असन, असं वाटते मले. तेवढ्यानंच बरं वाटते. मी रडत रडत गेली असती, तं जाऊ देल्लं असतं का रे तू?"

दिलं असतं, अक्का! तू कुठं जातेस याचा मला राग नव्हताच. पांढऱ्या कपाळाची बहीण सुखात दिसते, याचा होता.

पाणी काही बंद झालं नाही. त्याआधी पंचांच्याच घरात ताप शिरला. तू तिथंही पेज नेलीस, आणि त्यांनी ती निमूट प्यायली.

मग यशोदा पडली, पाठोपाठ सखू. तू दाराशी येऊन उभी राहिलीस. "येऊ का आत?" स्वतःच्या माहेरात विचारत होतीस! यशोदा वाचली. सखू तिसऱ्या दिवशी तुझ्या मांडीवर गेली. जमलेल्या चार माणसांसमोर मी म्हणालो, "तूच आणला हा ताप."

दुसऱ्या सकाळी गंज पुन्हा चुलीवर होता. डोळे सुजले होते तुझे. पुढच्या हंगामात कापूस वेचणाऱ्या बायकांत तुझं हसणं पुन्हा ऐकू आलं, आणि मला पुन्हा तसाच राग आला.

यशोदेनं पुढं आपलं एकही मूल तुझ्या मांडीवर दिलं नाही. तू दुसऱ्यांची खेळवलीस.

आता ते लिहितो. यशोदा पडायच्या चार दिवस आधी मी बंडीत कापूस घालून कारंज्याला गेलो होतो. परतताना अंग तापलं, मान ठणकायला लागली. गोठ्यात बैल बांधताना तू पाणी दिलंस, कपाळाला हात लावून बघितलंस. "पडून राह्य, बापू, लेकराले जवळ घेऊ नको," म्हणालीस. मी आत गेलो आणि यशोदेला काही न सांगता सखूला कुशीत घेऊनच झोपलो. माझा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तू तर महिनाभर आमचा उंबरठा ओलांडला नव्हतास.

तुला माहीत होतं! मग एवढी वर्षं गप्प का राहिलीस? यशोदेचा माझ्यावरचा जीव उडेल म्हणून? की हेही देवाला आवडेल, असं वाटलं? इतकं चांगलं वागायला नको होतंस, अक्का. एकदा तरी भांडायचं होतंस.

देवाला काय आवडतं, ते मला अजून कळत नाही. तुझ्यासारखं सुख मला मिळेल, असंही नाही. पण मी काय लपवलं, ते मला पक्कं माहीत आहे.

यशोदा परसात वाल सोलत बसली आहे. हा कागद घडी करून मी तिच्यासमोर जाऊन बसेन आणि कारंज्याच्या फेरीपासून सगळं सांगेन. ती रडेल, बोलेल, कदाचित बोलायचीही नाही. काहीही झालं तरी मी मधेच उठून जाणार नाही. एवढा शब्द देतो.

तुझा धाकटा भाऊ,
बापू