माहितीपटावरील त्रेचाळीस अभिप्राय

प्रति,
मा. निबंधक,
जमीन व किताब न्यायालय,
मुलिनूउ, आपिया.

अर्जदार: पेनिअमिना लेओसो, वय ५९, चर्चचा चिटणीस, मु. साफोनोआ, उपोलू बेट, दक्षिण किनारा.

विषय: माझी थोरली बहीण तुलिमा हिला येत्या शनिवारी, संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजण्याआधी गावाबाहेर काढण्याच्या आदेशास तातडीने स्थगिती मिळणेबाबत.

संदर्भ: ग्रामपरिषदेचा सोमवार, दि. २० मे २०२४ रोजीचा निर्णय. (निर्णय तोंडी असल्याने जावक क्रमांक देता येत नाही. मी मागितला होता. सगळे हसले.)

महोदय,

१. आज गुरुवार आहे. हातात दोन दिवस आहेत, म्हणून प्रस्तावना न करता मुद्द्यावर येतो.

२. शुक्रवार, दि. १७ रोजी आमच्या चर्चच्या सभागृहात शहरातील एका मंडळाने माहितीपट दाखविला. ख्रिस्ती श्रद्धा तर्कापुढे कशी टिकते, हे एक विद्वान त्यात समजावून सांगतो आणि एक शंका घेणारा माणूस त्याला प्रश्न विचारतो. देव आहे का, असे आमच्या गावात आजवर कोणी विचारले नव्हते. उत्तरे पेटीत भरून आणली, तेव्हा कळले की असाही प्रश्न असतो. असो. हजेरीपटानुसार प्रेक्षक त्रेचाळीस होते. शेवटी प्रत्येकाला अभिप्रायाची एक चिठ्ठी दिली गेली आणि पाद्री एलिसाला म्हणाले, "मनात असेल ते लिहा, कोणाला घाबरू नका." सर्वांनी लिहिले आणि खाली नावही घातले. नाव घालू नये, असे चिठ्ठीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले होते म्हणे. पण महोदय, आमच्याकडे बिननावी कागद पेटीत टाकतो कोण? तसे करणाऱ्याला लोक चोर म्हणतील.

३. आता माझा अपराध. मी एकतीस वर्षे दर रविवारी उपासनेनंतर पेटी उघडतो आणि कोणी काय दिले ते नावासकट मोठ्याने वाचतो. साफोनोआत माझा आवाज म्हणजे पेटीचा आवाज. रविवारी, दि. १९ रोजी पाद्रींनी मला चिठ्ठ्यांची पेटी दिली आणि म्हणाले, "चिटणीस, ही शहरात पाठवायची आहे, तेवढं बघा." मी पेटी पाहिली आणि माझे पाय आपोआप व्यासपीठाकडे वळले. पेटी म्हणजे वाचायची, यापलीकडे डोक्यात काही आलेच नाही. पाद्री दारात लोकांशी हस्तांदोलन करत होते. ते आत येईपर्यंत मी नवव्या चिठ्ठीवर होतो आणि सगळे गाव पुन्हा बाकांवर बसले होते.

४. सुरुवातीला फार मजा आली, हे नाकारत नाही. एकाने लिहिले होते, "विद्वान हुशार आहे, पण उपाशी दिसतो." एका बाईंनी लिहिले, "शंका घेणाऱ्याला आमच्याकडे रविवारी जेवायला पाठवा, खोबऱ्याच्या दुधात शिजवलेली तारोची पानं खाऊ दे, शंका कुठच्या कुठे जाईल." लोक पोट धरून हसत होते. हशा मिळाला की मला चेव येतो, हा माझा जुना दोष आहे.

५. मग माझ्या बहिणीची चिठ्ठी आली. मी नाव वाचले, पहिले वाक्य वाचले आणि पुढचे डोळ्यांना दिसले. तिथे मी खोकू शकलो असतो. चष्मा पाडू शकलो असतो. पण तोंडाला लागलेली सवय थांबेना. तिने लिहिले होते:

"विद्वानाची उत्तरं चांगली आहेत, पण फार पटकन येतात. माणसाचं मूल गेलं असेल तर उत्तर देणाऱ्यानं आधी थोडं गप्प बसावं. लाटेनंतर मीही देवाला हेच विचारलं होतं. अजून विचारते."

सभागृहात कोणी हसले नाही.

६. समुद्र गावात शिरला, त्या लाटेच्या वर्षी ताईची नात फिलो गेली. नऊ वर्षांची होती. तिची कबर ताईच्या दारासमोरच आहे. ताई रोज सकाळी ती झाडते आणि संध्याकाळी शंख वाजला की तिच्या कडेला बसून प्रार्थना म्हणते. पंधरा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. आदेशानुसार ताईने जायचे आहे. कबर नेता येत नाही, हे परिषदेला मी सांगणे म्हणजे आगाऊपणा ठरला असता.

७. सोमवारी परिषदेत तिचे प्रमुख, किताबधारी मताई आसोआऊ यांनी मला सर्वांसमक्ष विचारले, "चिटणीस, तू वाचलंस ते शब्दशः होतं ना?" मी म्हणालो, "होय." ते म्हणाले, "मग बघा. एवढ्या लोकांनी तोच माहितीपट पाहिला, शंका आली ती एकटीला. टोपलीत एक फळ सडकं निघालं तर काय करतात?" आमच्यात भावाने बहिणीच्या अब्रूसाठी जीव द्यायचा असतो, महोदय. मी चटईवरची काडी मोडत बसलो होतो.

८. काल ताईकडे गेलो. ती भांडी गुंडाळत होती. मी पायाशी बसलो तर म्हणाली, "उठ रे पेनी, गुडघे दुखतील. तू वाचलंस ते मीच लिहिलं होतं ना? मग रडतोस कशाला?" मग कोको दिला. जाताना एवढेच म्हणाली, "फिलोची जागा झाडत जा. तुला जमेल तशी." मी तिच्या डोळ्यांत बघू शकलो नाही. त्याचे कारण पुढील परिच्छेदात आहे आणि ते लिहिण्यासाठीच हा अर्ज तीनदा फाडून पुन्हा लिहिला आहे.

९. प्रेक्षक त्रेचाळीस होते. परिषदेला मी दिलेल्या नोंदीत वाचलेल्या चिठ्ठ्या बेचाळीस आहेत. कोणी मोजले नाही, कारण मोजणारा मीच. ताईच्या चिठ्ठीआधी, हशा चालू असताना, एक चिठ्ठी उघडली आणि अक्षर माझे निघाले. ती मी भजनांच्या पुस्तकात सरकवली. तिथे हात थांबला, महोदय. तिथे सवय आड आली नाही.

१०. तरी विनंती की, आदेशास स्थगिती द्यावी. ताई एकटी होती, या गृहीतावर तो उभा आहे आणि ते खोटे आहे. स्थगिती देणे शक्य नसल्यास त्याच आदेशात माझे नाव घालण्यास परिषदेस कळवावे. आपले उत्तर वेळेत न आल्यास शनिवारी शंखाआधी मी चर्चच्या पायरीवर उभा राहून राहिलेली चिठ्ठी नेहमीच्या आवाजात, नावासकट वाचणार आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
पेनिअमिना लेओसो
साफोनोआ, दि. २३ मे २०२४

सोबत:
(१) प्रेक्षकांचा हजेरीपट, नावे त्रेचाळीस.
(२) तुलिमा हिच्या अभिप्रायाची नक्कल.
(३) त्रेचाळिसाव्या अभिप्रायाची नक्कल. मजकूर: "शंका घेणाऱ्याचं मला पटलं. फिलोला पाण्यातून मी बाहेर काढलं, तेव्हापासून मी प्रार्थनेला नुसते ओठ हलवतो. हे कोणाला सांगू नये. पेनिअमिना लेओसो, चिटणीस." मूळ प्रत जोडलेली नाही, कारण ती शनिवारी लागणार आहे.