कडूसकर सरांना न दिलेल्या फाउलाबाबत

प्रति,
मा. मानद चिटणीस,
आंतर-कारखाना बास्केटबॉल स्पर्धा समिती,
चिंचवड.

अर्जदार: साहेबराव कोंडीराम टाकळकर, वय ४३, भांडार लिपिक, समितीच्या यादीवरील पंच.

विषय: ता. १९ फेब्रुवारी १९७८ च्या अंतिम सामन्यात द्यावयाचा राहून गेलेला फाउल आता नोंदवून घेणे व अर्जदाराचा सत्कार रद्द करणेबाबत.

संदर्भ: आपले ता. २७ मार्चचे अभिनंदनपत्र.

महोदय,

१. "गुरुशिष्य परंपरेचे मैदानावर दर्शन घडविल्याबद्दल" ता. १ मे रोजी शाल व श्रीफळ देऊन अर्जदाराचा सत्कार करण्याचे समितीने ठरविल्याचे आपल्या पत्रावरून समजले. अर्जदाराने ते पत्र तीनदा वाचून पंचांच्या नियमपुस्तकात लपवून ठेवले, कारण त्या पुस्तकाला घरात दुसरे कोणी हात लावत नाही. परंतु झाडलोट करताना ते अर्जदाराची पत्नी सौ. शालनबाई हिला सापडले व तिने शेजारच्या चार घरांत वाचून दाखविले. तेव्हापासून अर्जदार कामावर मागच्या गल्लीने जातो.

२. वस्तुस्थिती अशी. सामना भूपाल गिअर्स विरुद्ध इंद्रायणी पंप्स असा होता. चौदा सेकंद उरले होते व गिअर्स ५२-५१ असे पुढे होते. चेंडू पंप्सच्या भीमराज याच्या हातात होता आणि तो उडी घेण्याच्या बेतात होता. एवढ्यात गिअर्सचे प्रशिक्षक श्री. उद्धवराव कडूसकर "तीन पावलं टाकली, डोळे कुठायत?" असे म्हणत सरळ मैदानात शिरले. पावले दोनच होती, व तेवढी नियमात चालतात. अर्जदाराने मोजली होती. प्रशिक्षकाने चालू खेळात मैदानात पाऊल टाकले तर काय करावयाचे, हे नियमात स्पष्ट आहे: टेक्निकल फाउल, समोरच्या संघाला फ्री थ्रो आणि वर चेंडूही. अर्जदाराने शिट्टी वाजविली. इथपर्यंत अर्जदाराचे काही चुकले नाही.

३. श्री. कडूसकर हे खेडच्या शाळेत अर्जदाराचे खेळाचे शिक्षक होते. चेंडू कसा धरायचा हे त्यांनी शिकविले, आणि पहिली शिट्टीही त्यांनीच घेऊन दिली. टेक्निकल फाउलची खूण म्हणून हातांचा 'टी' करावा यासाठी अर्जदार त्यांच्यासमोर गेला. सर म्हणाले, "काय रे साहेबराव?" गृहपाठ विचारताना म्हणत, अगदी तसे. अर्जदाराचे हात वर जायला निघाले होते, ते खाली गेले. अर्जदार वाकला आणि सरांच्या पाया पडला.

४. प्रेक्षक उठून टाळ्या वाजवू लागले. शिट्टी नमस्कारासाठीच होती असा गुणलेखक श्री. रंगराव यांचा समज झाला व त्यांनी काहीच लिहिले नाही. अर्जदार टेबलापाशी गेला तेव्हा ते हळूच म्हणाले, "जाऊ द्या राव. इतकं छान झालंय, आता काय बिघडवता?" अर्जदाराने बिघडविले नाही.

५. मात्र एक गोष्ट वर्तमानपत्रात छापून आलेल्या नमस्काराच्या फोटोत आलेली नाही. नियम माहीत असलेला एक माणूस मैदानावर होता. शिट्टी होताच भीमराज फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन उभा राहिला होता, चेंडूसाठी हात पुढे करून. टाळ्या थांबल्या तरी तो तिथेच. अर्जदाराने त्याला "बाजूला हो" असे सांगितले व चेंडू बाहेरून आत टाकायला लावला. त्यावर पंप्सने मारलेला चेंडू कडीवर आपटून परत आला. सामना संपला.

६. भीमराज हा पंप्समध्ये तात्पुरता कामगार आहे. शील्ड आणलीत तर कायम करू, असा त्याला तिथल्या अधिकाऱ्यांचा शब्द होता. आता ता. ३० एप्रिलला त्याला कमी करणार आहेत. म्हणजे त्याची नोकरी जाईल आणि दुसऱ्या दिवशी अर्जदाराला नारळ मिळेल. गेल्या आठवड्यात तो काळेवाडीच्या बसथांब्यावर भेटला. अर्जदार तोंड चुकवीत होता, पण तोच जवळ आला. म्हणाला, "मास्तरांच्या पाया मीबी पडलो असतो, साहेब. पर आधी फ्री थ्रो दिला असता." त्याच रात्री अर्जदाराने या अर्जाचा मसुदा लिहावयास घेतला.

७. सरांच्या पाठीमागे त्यांच्याविरुद्ध अर्ज करणे बरे दिसेना, म्हणून रविवार ता. २ एप्रिल रोजी अर्जदार मसुदा घेऊन खेडला गेला. दारातच सवयीने वाकला. सरांनी पाय मागे घेतले. आजवर त्यांनी असे कधी केले नव्हते. म्हणाले, "आधी राहिलेलं काम कर." तेव्हा अर्जदाराने ओटीवर उभे राहून, सरांच्या तोंडासमोर, हातांचा 'टी' करून दाखविला. पाणी घेऊन बाहेर आलेल्या सरांच्या पत्नी कुसुमताईंनी विचारले, "अहो, हे काय चाललंय?" सर म्हणाले, "मला फाउल देतोय. दीड महिना उशिरा." मग अर्जदाराकडे वळून, "हात सरळ धर. छपरासारखे काय धरलेस?" अर्जदाराने हात सरळ केले. त्यानंतरच सरांनी पाय पुढे केले.

८. तरी विनंती की, (अ) सदर फाउल सामन्याच्या कागदावर चढवावा; (आ) दोन्ही संघांना ३० एप्रिलपूर्वी बोलावून उरलेले चौदा सेकंद खेळवावेत, सुरुवात भीमराजच्या फ्री थ्रोने. प्रेक्षकांची गरज नाही. फेक आत जाईलच असे अर्जदार सांगू शकत नाही; ती घेण्याचा हक्क भीमराजचा होता, एवढेच सांगू शकतो. (इ) तोवर त्याला कमी करू नये असे समितीने पंप्सला कळवावे. (ई) शाल दुसऱ्या कोणाला द्यावी. व (उ) अर्जदाराचे नाव पंचांच्या यादीतून काढावे. त्या चौदा सेकंदांसाठीही पंच दुसरा नेमावा. सर तिथे असतील, आणि अर्जदाराला स्वतःच्या पाठीचा भरवसा नाही.

सत्कारास अपात्र असा आपला नम्र,
(सही) सा. कों. टाकळकर
ता. ५ एप्रिल १९७८

सोबत:
१) सत्काराचे निमंत्रण, परत.
२) शिट्टी, एक.
३) अर्जाचा मूळ मसुदा. श्री. कडूसकर यांनी तो लाल शाईने तपासला असून नियमाचा चुकलेला क्रमांक दुरुस्त केला आहे. खाली त्यांचा शेरा व सही: "उशिरा सादर. तरी ग्राह्य धरावे."